तिसरा पुकारा

तिसऱ्या पुकाऱ्याला अमोस उठून उभा राहिला तेव्हा केझायाला आधी वाटलं, म्हाताऱ्याच्या पायात गोळा आला असेल. छप्पन्न वर्षांच्या संसारात तिने त्याला उपासनेच्या मध्येच उठताना दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा पायात गोळाच आला होता. तिने त्याच्या कोटाचं टोक धरून हळूच खाली ओढलं.

जून संपत आला होता. चर्चचं दक्षिणेकडचं दार उघडं टाकलेलं होतं आणि लिंडनच्या फुलांवर जमलेल्या मधमाश्यांची गुणगुण थेट आत वेदीपर्यंत येत होती. उन्हाचे पट्टे दगडी फरशीवर आडवे पडले होते, त्यांत धूळ तरंगत होती. अर्धं मार्लिंगहॅम पेंगत होतं. गावचे धर्मगुरू रेक्टर ऑलिफंट यांनी रविवारच्या शाळेच्या सहलीची सूचना ज्या आवाजात वाचली, त्याच आवाजात लग्नाचाही पुकारा वाचला होता. या गावची लेटिस थर्लो, कुमारिका, आणि शेजारच्या गावचा रूबेन पास्क, अविवाहित. हा तिसरा आणि शेवटचा पुकारा. या विवाहाला कुणाला काही अडसर ठाऊक असेल तर त्याने आत्ताच सांगावं.

"माझी हरकत आहे," अमोस म्हणाला.

चाळीस वर्षं घंटाघरात घंटा वाजवणाऱ्यांना हुकूम सोडलेला आवाज होता तो. शेवटच्या बाकावरचेही जागे झाले.

"जोबला ती देऊ नका," तो म्हणाला. "ती जोबची नाही."

पहिल्या रविवारी खोकल्यामुळे तो घरीच होता. दुसऱ्या रविवारी ऐन पुकाऱ्याच्या वेळी त्याचा डोळा लागला होता. आज मात्र तो टक्क जागा होता आणि त्याच्या निळ्या डोळ्यांत असं काही होतं, की केझायाच्या हातून कोटाचं टोक सुटलं. तिने पुढच्या बाकाकडे पाहिलं. लेटी, त्यांची नात, मान वळवून आजोबांकडे बघत होती. तिच्या शेजारी बसलेल्या रूबेनचे कान लालभडक झाले होते. बिचारा चॅपलवाला, म्हणजे दुसऱ्या पंथाचा, जन्मात कधी चर्चची पायरी चढला नव्हता, खास आजच्यासाठी आला होता.

रेक्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "मिस्टर थर्लो, उपासनेनंतर मला भेटा," एवढंच म्हणून त्यांनी पुढचं स्तोत्र सांगितलं. ते नीट कुणीच गायलं नाही.

नंतर आतल्या खोलीत ते अमोसशी पाच मिनिटं बोलले आणि केझायाला बाजूला घेऊन म्हणाले, "मी जोब कोण विचारतो, तर ते म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही, मिसेस थर्लो. पण हरकत भर चर्चमध्ये घेतली गेली आहे. संध्याकाळच्या उपासनेच्या आत ती त्यांनी स्वतः मागे घेतली, तर आजचा पुकारा मी पुरा झाला असं धरीन. नाहीतर शनिवारचं लग्न मला लावता येणार नाही."

"साडेसहाला ना?" केझायाने विचारलं.

"साडेसहाला."

* * *

जेवायला नेहमीसारखं बीफ होतं, नवे बटाटे होते, परसातले मटार होते. कुणी फारसं खात नव्हतं. अमोस मात्र मन लावून जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला आणि अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली आपल्या खुर्चीत जाऊन बसला. खिडकीतून त्याची टोपी दिसत होती.

तो गेल्याबरोबर हर्बर्टने काटा ताटात टाकला. हर्बर्ट त्यांचा मुलगा, लेटीचा बाप, आणि चर्चचा कारभारी. आजच्या प्रकाराने तो दोन्हीकडून भाजला होता.

"मी आत्ता डॉक्टरांकडे सायकल दामटतो," तो म्हणाला. "दोन ओळी लिहून आणतो. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. मग ती हरकत हरकतच राहत नाही. रेक्टरांनाही तेच हवंय, त्यांच्या तोंडावर दिसत होतं."

"बापाला वेडा ठरवणार तू?" हेस्टर म्हणाली. ती त्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. भावजय गेल्यावर लेटीला तिनेच लहानाची मोठी केली होती. "वा! आणि पुढं काय? काउंटीच्या त्या लाल विटांच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवायचं?"

"मी असं म्हटलं का?"

"कागद म्हणेल. तू नाही म्हटलंस तरी."

"मग तूच सांग काय करायचं ते."

हेस्टरने हातरुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "काही करायचं नाही. बाबा बोलले ते बोलले. मी पहिल्यापासून सांगत होते, घाई होतेय. चॅपलवाल्यांच्या घरात आपली मुलगी द्यायची, जिथं ख्रिसमसला ग्लासभर वाइनसुद्धा चालत नाही. कुणास ठाऊक, देवानंच बाबांना उठवलं असेल."

"हेस्टरआत्या!" लेटी म्हणाली.

"मिस थर्लो," रूबेन अडखळत म्हणाला, "तुम्हाला हवी तर वाइन घरात आणून ठेवीन मी. आईला सांगेन, औषध आहे."

एरवी यावर सगळे हसले असते. केझायाला तर हसू आलंही. ते तिने मटारांत दडवलं. मुलगा बरा होता. सुतार होता, हात मोठे होते, आणि त्या हातांचं काय करायचं हे माणसांत बसला की त्याला सुचत नसे.

लेटीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजोबांना माझं लग्न नकोय का, आजी? मला तसं सांगायचं ना. काल तर म्हणत होते, तुझ्या लग्नाला मीच घंटेची दोरी ओढणार, डॉक्टर काहीही म्हणो. आणि हा जोब कोण? मी कुठल्या जोबला ओळखतसुद्धा नाही. गावात लोक काय म्हणतील?"

"जोब," हेस्टर स्वतःशीच म्हणाली. आणि मग तिचा हात घडीवरच थांबला. "जोब म्हणजे... जोबकाका? लेटिसमावशीचे यजमान?"

बाहेर कबुतरं घुमत होती.

"ते तर मी शाळेत असतानाच वारले," हर्बर्ट म्हणाला. "समुद्राकडं राहायचे. आई, बाबांचा आणि त्यांचा काय संबंध?"

केझायाने मटारांचं भांडं रूबेनकडे सरकवलं. "घे अजून," ती म्हणाली. "उरले तर वाया जातील."

"आई."

"संबंध काही नाही. याच चर्चमध्ये जोब आणि माझ्या बहिणीचा पुकारा झाला. तीन रविवार. तेव्हा तुझे बाबा तिथंच बसले होते, तिसऱ्या बाकावर. आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही त्यांनी." तिला आपला आवाज अगदी साधा ऐकू आला. "आज काढला."

हेस्टरच्या तोंडावरचा रंग उतरला. हर्बर्ट आधी काही समजला नाही, आणि मग समजला तसा खिडकीबाहेरच्या टोपीकडे बघत राहिला.

"लेटीचं नाव," तो हळू म्हणाला. "ते बाबांनीच सुचवलं होतं. तुझ्या बहिणीची आठवण म्हणून, असं म्हणाले होते. तुला माहीत होतं तेव्हा?"

"मला त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होतं. तुझे बाबा आणि लेटिस मळ्याच्या कुंपणापलीकडं भेटायचे तेव्हा वाटेवर उभी कोण राहायची? मीच. कुणी आलं तर गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं."

"आणि तरी तू..." हेस्टरला पुढे बोलवेना. लहानपणी आईचं काही फुटलं की ती जशी बघायची तशी बघत होती. मग एकदम म्हणाली, "हर्बर्ट, आण जा तो कागद. वेड लागलंय त्यांना. वेडच लागलंय."

घटकेपूर्वी जी देवाचं नाव घेत होती तीच आता भावाच्या बाजूला गेली, आणि हर्बर्ट मात्र जागचा हलला नाही. "नको," तो म्हणाला. "आता नको वाटतं."

"कुणीही कुठं जायचं नाही," केझाया म्हणाली. "गूजबेरीचा टार्ट आहे. तो कापा. मी बघते काय ते."

पण तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा सफरचंदाच्या झाडाखालची खुर्ची रिकामी होती.

* * *

त्याला शोधावं लागलं नाही. गल्लीच्या दोन्ही अंगांना खसखशीची तांबडी फुलं माना टाकून उभी होती, पलीकडे बार्लीचं शेत वारा नसतानाही हलल्यासारखं वाटत होतं. या वाटेने ती इतक्यांदा गेली होती, की आपण आत्ता कितव्या खेपेला चाललोय हे तिला क्षणभर उमगेना. बाप्तिस्म्याला, की पुरायला, की नुसतीच फुलं बदलायला? चर्चचा तो चकमकीच्या दगडाचा गोल मनोरा झाडांवर तसाच, उन्हात झोपल्यासारखा. फाटकाशी आल्यावर तिने दम घेतला. तिची दोन लेकरं इथे होती, भिंतीजवळ, गवतात. तिने नेहमीसारखी त्यांच्याकडे मान हलवली.

अमोस आत, तिसऱ्या बाकावर बसला होता. टोपी मांडीवर. चर्च गार होतं, मेणाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास होता. ती त्याच्या शेजारी बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण एखाद्या ओळखीच्या बाईकडे पाहावं तसं. कुठली, ते आठवत नाही.

"उशीर झाला का मला?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"हरकत घ्यायला. गेले दोन रविवार बसून राहिलो. जीभ उचलतच नव्हती. आज एकदाचा बोललो." त्याने टोपीची कड बोटांत फिरवली. "तिला राग आला असेल."

"रडली थोडी."

"मला तिला रडवायचं नव्हतं. पण तो जोब... माणूस वाईट नाही, पण ती त्याला कळायचीच नाही. तो रुमाल नाकाला लावून तुतारी वाजवल्यासारखा शिंकरतो. ती कशी सुखी होणार त्याच्याशी?"

केझायाने हात मांडीवर ठेवले. घरी, ब्लँकेटच्या पेटीत तळाशी, लेटिसची पत्रं होती. सतरा वर्षांत लिहिलेली. आज जोबने बोटीला माझं नाव दिलं. आज जोब मासळीच्या टोपलीत पडला आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. केझ, मला लाज वाटते, इतकं बरं चाललंय माझं. अमोसने कधी विचारलं नाही आणि तिने कधी वाचून दाखवली नाहीत. त्याला दुखेल म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली. खरं म्हणजे त्याने विचारावं आणि आपण सांगावं, यातलं विचारणंच तिला सोसलं नसतं.

"होईल सुखी," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. भांडतील. त्याच्या त्या शिंकरण्यावरून तर रोज भांडतील. पण त्याला तिला हसवता येतं, अमोस. ती हसून हसून भिंतीला टेकेल इतकं. बोटीला तिचं नाव देईल तो. ती कधी मागे वळून बघायची नाही."

रंगीत काचेतून आलेला उजेडाचा निळा तुकडा त्याच्या गुडघ्यावरून सरकत फरशीवर गेला. बाहेर मधमाश्या होत्याच.

"मागे वळून बघायची नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग माझ्या हरकतीला काय अर्थ राहिला?"

त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला आणि तो रडला. आवाज न करता, म्हाताऱ्या माणसाचं ते कोरडं रडणं. केझायाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या बहिणीसाठी रडणाऱ्या आपल्या नवऱ्याची पाठ आपण थोपटतोय, हे तिला कळत होतं. आश्चर्य हे, की ते तिला वाटलं होतं तेवढं जड नव्हतं. इतकी वर्षं ते घरातच कुठेतरी बसून होतं; आज बाहेर येऊन शेजारी बसलं, इतकंच.

पाच वाजता रेक्टर आले. त्यांच्या मागून हर्बर्ट, लेटी आणि रूबेनही आले आणि दारातच थबकले. हेस्टर त्यांच्याही मागे, बाहेर पायरीवर उभी राहिली. रेक्टरनी वही आणली होती.

"मिस्टर थर्लो," ते नरमाईने म्हणाले, "सकाळच्या हरकतीबद्दल."

अमोस बाकाला धरून उठला. "मागे घेतली," तो म्हणाला. "जाऊ द्या तिला. ती सुखी होणार आहे, मला खात्रीचं कळलंय."

लेटी धावत आली आणि तिने त्याला मिठी मारली. त्याने गोंधळून तिच्या केसांवर हात ठेवला. मग काहीतरी निवळलं. "अगं लेटी," तो म्हणाला, "रडतेस काय वेड्यासारखी? तो सुतार कुठंय तुझा? ये रे पोरा. हात बघू. घंटेची दोरी कधी ओढलीस का? नाही? चॅपलात घंटाच नसते म्हणा, बिचाऱ्यांच्यात."

रूबेन हसला. हर्बर्टने खिशातून रुमाल काढून घाम पुसत असल्यासारखं केलं.

रेक्टर केझायाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वहीत लिहिण्यापूर्वी मला विचारलंच पाहिजे. त्या हरकतीत काही तथ्य नव्हतं ना?"

"होतं, रेक्टरसाहेब," केझाया म्हणाली. "पण या लग्नापुरतं नाही. लिहा तुम्ही निर्धास्त."

रेक्टरनी वही उघडली. मग त्यांनी लिहिलं.

मुलं पुढे गेली. पायरीवर हेस्टरने आईचा हात धरला, घट्ट, दुखण्याइतका. "मी बाबांना माफ करणार नाही," ती कुजबुजली.

"तुला कुणी सांगितलंय?" केझाया म्हणाली. "ते माझं काम आहे. तू लेटीच्या ड्रेसची बाही बघ, डावी अजून लांब आहे. आणि शनिवारी रूबेनच्या आईशेजारी बस. तिलाही कुणी नाहीये."

हेस्टरने मान फिरवली, नाक ओढलं, आणि लेटीच्या मागून गेली.

* * *

दोघं मागे राहिली. साडेसहाला दीड तास होता, पण ऊन अजून दुपारचंच वाटत होतं. गवत कापलेलं नव्हतं; थडग्यांचे दगड त्यात गुडघ्यापर्यंत बुडाले होते. अमोस फाटकाकडे चालता चालता थांबला. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं, तो पुन्हा तिकडे गेला आहे.

"आता मी काय करू?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती तर गेली. कापणी होईल, हिवाळा येईल. घरात एकटा बसू का?" त्याने काठीने गवत बाजूला केलं. "एक आहे. तिची धाकटी बहीण. केझाया."

केझाया जागच्या जागी उभी राहिली.

"वाटेवर उभी राहून गायची ती," तो म्हणाला. "बेसूर. पण तिचं गाणं ऐकलं की मला बरं वाटायचं, आता गंमत बघ, कुणीतरी येतंय म्हणून सावध व्हायचं सोडून मी ऐकत बसायचो. लेटिस रागवायची." मग त्याने मान हलवली. "पण तिला विचारणं बरं नाही. काय म्हणून विचारू? दुसरीनं टाकलेला माणूस. कुणीतरी फक्त तिच्यासाठीच यायला पाहिजे. तुला नाही वाटत असं?"

तो उत्तराची वाट पाहत होता. अगदी खरोखर.

त्या ऑगस्टमध्ये त्याने विचारलं तेव्हा तिने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. हो, म्हणाली होती, मधूनच, तो पुढे काय बोलेल या भीतीने. एकोणीस वर्षांची होती. शाळेतल्या मास्तरांनी तिला नॉर्विचला शिकायला पाठवायचं म्हटलं होतं; पुस्तकंही दिली होती वाचायला. ती मुलगी आत्ता तिला समोर दिसली, बार्लीच्या कडेला, हातात बूट, अनवाणी. एक शब्द पुरला असता. नको विचारूस, एवढं आत्ता म्हटलं असतं की ती निघाली असती सरळ, मागे न बघता.

गल्लीतून लेटीचं हसणं ऐकू आलं. हेस्टर तिला कशावरून तरी दटावत होती. हर्बर्ट रूबेनला मनोऱ्याकडे बोट दाखवून काही समजावत होता.

"विचार तिला," केझाया म्हणाली. "पण आत्ता मला सांगितलंस तसं सगळं सांगून विचार. तिला माहीत आहे सगळं. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आणि गाण्याचं?"

"ते आधी सांग."

अमोसने विचार केला. "नाही म्हणाली तर?"

"तर म्हणेल. तिचा हक्क आहे तो."

"आणि हो म्हणाली तर?"

केझायाने फाटकाला टेकून एक पाय बुटातून थोडा मोकळा केला.

"तर तिला हात दे आणि हळू चाल," ती म्हणाली. "तिचे पाय दुखताहेत."